मलकापूर, 24 नोव्हेंबर 2021 : कामकाज संपेपर्यंत

रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांच्या आदेशात एक ठरलेलं वाक्य असतं: ‘अमुक तारखेचं कामकाज संपल्यापासून’ हा आदेश लागू. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या आदेशावर तारीख होती 24 नोव्हेंबर 2021, वार बुधवार. म्हणजे त्या दिवशी सकाळी बँक नेहमीसारखी बँक होती, आणि संध्याकाळी खातेदाराला सगळ्या खात्यांतून मिळून 10,000 रुपयांपर्यंतच रक्कम देऊ शकणारी संस्था. हा एक दिवस घड्याळ लावून पाहण्यासारखा आहे. त्याच दिवशी, त्याच तासांत, मुंबईत पैशाचा बाजारही नेहमीप्रमाणे भरला होता आणि तिथे पैशाला तोटा नव्हता.

सकाळी 9

मलकापूर हे वऱ्हाडाचं पश्चिमेकडचं दार. इथून पुढे मुक्ताईनगर, बोदवड, म्हणजे खानदेश सुरू. मुंबई-नागपूर रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग दोन्ही गावाला लागून जातात, त्यामुळे गाव व्यापाराचं. कापूस, जिनिंग, डाळ. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे इथे पैशाच्या चलनवलनाचा सर्वांत गरम काळ. कापूस घरात येत असतो. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,025 रुपये होता आणि बाजार त्याच्या कितीतरी वर, आठ हजारांपुढे चालला होता. एकीकडे विकलेल्या मालाचे पैसे खात्यात पडायचे, दुसरीकडे हरभऱ्याची-गव्हाची पेरणी, खतं, मजुरी. तुळशीची लग्नं उरकून आठवडा-दीड आठवडा झालेला, म्हणजे माणसांच्या लग्नांचा मोसम उघडलेला. मंगल कार्यालयाचा विसार, सोनं, आचारी, सगळं याच पंधरवड्यात.

वर एसटीचा संप. खेड्यावरून तालुक्याच्या गावी यायचं तर काळी-पिवळी शोधायची. बँकेचं काम आज नको, उद्या जमवू, असं म्हणण्याचे ते दिवस होते.

सकाळी 10

मुंबईत कॉल मनीचा बाजार उघडतो. कोविडमुळे तेव्हा त्याची वेळ सकाळी 10 ते दुपारी साडेतीन अशी आखडलेली होती. हा बाजार म्हणजे कुठली इमारत नाही. ‘एनडीएस-कॉल’ नावाच्या पडद्यावर बँका आणि प्रायमरी डीलर, म्हणजे सरकारी रोख्यांचे मोठे व्यापारी, एकमेकांना भाव सांगतात. एका रात्रीसाठी दिले-घेतले ते कॉल मनी, 2 ते 14 दिवसांसाठी ते नोटीस मनी, 15 दिवसांपासून वर्षापर्यंत ते टर्म मनी. तारण काही नाही. नाव आणि पत, बस्स.

बँकेला एका रात्रीसाठी कर्ज कशाला लागतं, हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक बँकेला ठेवींचा ठरावीक हिस्सा राखून ठेवावा लागतो; रोख राखीव प्रमाण, म्हणजे सीआरआर, तेव्हा 4 टक्के होतं. दिवसभरात कुणी मोठी रक्कम काढली, कुणाचा करभरणा झाला, तर एका बँकेची बाकी कमी पडते आणि दुसरीची वाढते. तूट असलेली बँक वाढावा असलेल्या बँकेकडून रात्रीपुरते उचलते आणि दुसऱ्या दिवशी परत करते. हिशेब मांडून पाहा. 3.25 टक्के दराने 100 कोटी रुपये एका रात्रीसाठी घेतले तर व्याज होतं 89,041 रुपये. शंभर कोटींच्या मानाने ही रक्कम किरकोळ. म्हणूनच हा बाजार चालतो. इथे कुणी नफ्यासाठी जीव टाकत नाही, सगळे रात्र निभावून न्यायला आलेले असतात.

त्या बुधवारी रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर, 4 टक्के होता; रिव्हर्स रेपो, म्हणजे ती बँकांकडून पैसे घेते तो दर, 3.35. एका रात्रीचा दर 4 टक्क्यांच्या रेपोपेक्षा बराच खाली, रिव्हर्स रेपोच्या पातळीजवळ रेंगाळत होता. बाजाराच्या भाषेत याचा अर्थ एकच: पैसा उतू चाललाय, घ्यायला गिऱ्हाईक नाही.

सकाळी 11

बुधवार हा ट्रेझरी बिलांच्या लिलावाचा वार. केंद्र सरकार 91, 182 आणि 364 दिवसांसाठी दर आठवड्याला पैसे उचलतं. व्याज वेगळं मिळत नाही. शंभराचं बिल शंभराहून कमी किमतीला घ्यायचं आणि मुदत भरली की शंभर मोजून घ्यायचे. साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने 91 दिवसांचं बिल 99 रुपये 13 पैशांना पडतं. तीन महिन्यांत 87 पैसे सुटतात. तेवढ्यावर मोठमोठ्या बँका बोली लावतात, कारण सरकार पैसे बुडवणार नाही आणि बिल कधीही विकून मोकळं होता येतं.

या दोन गोष्टी जिथे असतील तिथे पैसा स्वस्तात धावत जातो.

दुपारी 12

वऱ्हाडाला यातलं काहीच नवं नाही. कापसाच्या हंगामात अल्प मुदतीचा पैसा फिरवायची रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या होती आणि तिचं नाव हुंडी. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळायचे, मुदती हुंडी ठरल्या तारखेला. मुदत भरण्याआधी पैसे हवे असतील तर सराफ बट्टा कापून उरलेली रक्कम देई. ट्रेझरी बिलाचा हिशेब हाच. फरक एवढा की सराफ माणूस पाहून बट्टा ठरवायचा. गिऱ्हाइकाच्या वखारीत कापूस किती, मागच्या साली याने कुणाची हुंडी नाकारली होती का, हे त्याला तोंडपाठ असे.

नागरी सहकारी बँक ही त्याच सराफी पेढीच्या जागी उभी राहिली. गावच्या ठेवी, गावचीच कर्जं, आणि कर्जदार ओळखीचा. ओळख हे तिचं बळ. तिची सगळ्यात मोठी जोखीमही तीच, कारण ओळखीच्याला नाही म्हणणं सर्वांत अवघड.

बँकिंगचा मूळ धोका मात्र ओळखीपलीकडचा आहे. बचत खात्यातला पैसा मागता क्षणी द्यायचा असतो. कर्ज पाच-सात वर्षांनी वसूल व्हायचं असतं. या दोन मुदतींच्या मधल्या फटीत बँक जगते. सगळे ठेवीदार एकाच आठवड्यात मागायला आले तर जगातली कुठलीही बँक देऊ शकत नाही, मग ती कितीही सचोटीची असो. एवढंच असतं तर त्याला रोकडीची अडचण म्हणता आलं असतं आणि ती एका रात्रीच्या उसनवारीने भागली असती. कर्जंच परत येईनाशी झाली, भांडवल झिजलं, तर ती अडचण रोकडीची राहत नाही. आपल्याकडे बातम्यांत या दोन्ही गोष्टींना सर्रास ‘बँक अडचणीत’ असं एकच नाव देतात आणि वाचकाची तिथेच दिशाभूल होते.

दुपारी 1

पैशाचा बाजार बिघडतो तेव्हा किती वेगाने, ते मुंबईने 21 सप्टेंबर 2018 च्या दुपारी पाहिलं होतं. आयएल अँड एफएस ही पायाभूत सुविधांना कर्ज देणारी बडी कंपनी कमर्शियल पेपरची परतफेड चुकवत होती. कमर्शियल पेपर म्हणजे कंपन्यांनी वर्षाच्या आतल्या मुदतीसाठी काढलेली बिनतारणी वचनचिठ्ठी. अशा चिठ्ठ्यांवर वीस-वीस वर्षांचे रस्ते बांधायला काढले होते. दर तीन महिन्यांनी जुनी चिठ्ठी नव्या चिठ्ठीच्या पैशाने फेडायची आणि पुढे ढकलायची.

त्या शुक्रवारी बातमी फुटली की डीएसपी म्युच्युअल फंडाने डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा पेपर 11 टक्क्यांच्या चढ्या परताव्याने विकला, म्हणजे पडेल किमतीला काढला. फंडाला रोख हवी होती की कंपनीवर विश्वास उरला नव्हता, हे विचारत बसायला कुणाला वेळ नव्हता. काही मिनिटांत सेन्सेक्स दिवसाच्या उच्चांकावरून 1,100 अंशांहून जास्त कोसळला, पुन्हा बराच सावरला. डीएचएफएलचा शेअर मात्र दिवसअखेर 42 टक्क्यांच्या आसपास खाली बंद झाला. कंपनीची घरं, जमिनी, कर्जदार सकाळी होते तेच दुपारीही होते. बदललं एवढंच की उद्या तिची चिठ्ठी कुणी नव्याने घेईल याची खात्री गेली.

मलकापूरच्या बँकेचा आयएल अँड एफएसशी संबंध जोडायचा माझा हेतू नाही. मुद्दा असा की मुंबईतला घाबरलेला सावकार पडद्यावर एक आकडा टाकून मिनिटांत बाहेर पडतो. गावातला ठेवीदारही अल्प मुदतीचा सावकारच आहे. त्याने बँकेला पैसे दिलेत, तारण घेतलेलं नाही, दर ठरवलेला नाही, आणि बँकेचं कर्जखातं त्याला कुणी दाखवत नाही. कॉल मनीतला डीलर समोरच्या प्रत्येक बँकेला किती द्यायचं याची मर्यादा सकाळीच आखून बसतो. पासबुकवाल्याकडे अशी मर्यादा नसते. असते ती ‘आपल्या गावची बँक’ ही भावना.

दुपारी 3

ट्रेप्सचा बाजार बंद होतो. ट्रेप्स, म्हणजे त्रिपक्षीय रेपो, नोव्हेंबर 2018 मध्ये जुन्या सीबीएलओच्या जागी आला आणि आज एका रात्रीच्या उलाढालीत सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. इथे नुसती पत चालत नाही. सरकारी रोखे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे ठेवायचे आणि त्यांच्यावर पैसे उचलायचे. देणारे बहुतांशी म्युच्युअल फंड. तुमच्या लिक्विड फंडातले पैसे रात्री कुठे झोपतात, तर इथे.

सहकारी बँकांनाही हे दार उघडं आहे, पण गहाण टाकायला मोकळे रोखे हवेत. ठेवींच्या 18 टक्के रक्कम सरकारी रोख्यांसारख्या रोकडसुलभ मालमत्तेत ठेवण्याचं बंधन प्रत्येक बँकेवर होतं, त्याला एसएलआर म्हणतात. त्यातले रोखे गहाण पडले की ते एसएलआरमध्ये मोजले जात नाहीत. म्हणजे जिच्याकडे बंधनापेक्षा जास्त रोखे आहेत तिलाच इथे पैसे मिळणार. थोडक्यात, जिची तब्येत बरी आहे तिलाच औषध.

दुपारी 3.30

कॉल मनीही बंद. नागरी सहकारी बँकांसाठी इथलं दार आधीपासूनच अर्धं लोटलेलं आहे: मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या एकूण ठेवींच्या 2 टक्क्यांपलीकडे या बाजारातून उचलता येत नाही. ही मर्यादा मार्च 2001 च्या जखमेतून आली. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँकेने शेअर दलाल केतन पारेखला वारेमाप पैसा पुरवला. तिच्या 137 कोटींच्या पे-ऑर्डर बँक ऑफ इंडियाने वटवल्या आणि त्या परत आल्या. ठेवीदार धावले. तोवर गुजरातेतल्या कित्येक छोट्या नागरी बँकांनी आपला वाढावा माधवपुऱ्याकडे ठेवींच्या रूपात ठेवला होता. जादा व्याज मिळत होतं, आणि ती ‘मोठी’ होती. एक पडली आणि बाकीच्यांचे पैसे अडकले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांच्या कॉल मनीतल्या उचलीला वेसण घातली आणि एका नागरी बँकेने दुसरीत ठेवी ठेवण्यावरही बंधनं आणली.

निर्णय बरोबर होता, असंच मी म्हणेन. पण त्याचा परिणाम असा झाला की गावची बँक खऱ्या अर्थाने ठेवीदारांवरच उभी राहिली. आजूबाजूला हात पसरायला फारशी जागा उरली नाही.

संध्याकाळी

दिवसभरात कुणालाच नको असलेला पैसा संध्याकाळी रिझर्व्ह बँकेकडे जाऊन पडतो. तेव्हा ही खिडकी रिव्हर्स रेपोची होती. कोविडकाळात अर्थव्यवस्था तरंगत ठेवायला ओतलेला पैसा कर्जाच्या रूपाने बाहेर जात नव्हता. त्या नोव्हेंबरात रिव्हर्स रेपोच्या एका रात्रीच्या आणि 14 दिवसांच्या खिडक्यांत मिळून बँकांचे सात लाख कोटींच्या वर रुपये नुसते पडून होते. सात लाख कोटींवर 3.35 टक्क्यांनी एका रात्रीचं व्याज सुमारे 64 कोटी रुपये येतं. ही रक्कम बँकांना दर रात्री काहीही न करता मिळत होती.

वृत्तवाहिन्यांवर त्या संध्याकाळी भलतेच विषय होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने कृषी कायदे मागे घेण्याच्या विधेयकाला मंजुरी दिलेली. परिवहनमंत्री अनिल परब यांनी एसटी कर्मचाऱ्यांची पगारवाढ जाहीर केलेली. आदल्या रात्री क्रिप्टो चलनांवरच्या प्रस्तावित विधेयकाची बातमी आल्याने अर्थवाहिन्या बिटकॉइनची घसरण मोजण्यात दंग. विदर्भातल्या एका नागरी बँकेवरच्या आदेशाला यात किती जागा मिळणार?

कामकाज संपल्यावर

बँकिंग नियमन कायद्याचं कलम 35 अ. रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय नवं कर्ज द्यायचं नाही, जुन्याचं नूतनीकरण नाही, गुंतवणूक नाही, नव्या ठेवी नाहीत, कुठूनही उसने घ्यायचे नाहीत, मालमत्ता विकायची नाही. ठेवीदाराला बचत, चालू किंवा कुठल्याही खात्यातली मिळून 10,000 रुपयांपर्यंतच रक्कम. मुदत सहा महिने, नंतर आढावा. सोबत नेहमीचं वाक्य: याचा अर्थ परवाना रद्द झाला असा घेऊ नये.

आदेश कामकाज संपल्यावरच का लागू होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. दुपारी बारा वाजता कळला असता तर रांगेत पुढे असलेल्यांना सगळे पैसे मिळाले असते आणि मागच्यांना शून्य. खेड्यावरून काळी-पिवळीने येणारा नेहमीच मागे असतो. डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं, एनईएफटी त्याच्या वर्षभर आधीपासून. म्हणजे फोनवरून पैसे हलवणाऱ्याला काउंटर बंद झाल्याने फरक पडत नाही. दार एकाच क्षणी सगळ्यांना बंद करणं ही त्यातल्या त्यात न्यायाची पद्धत. लग्नासाठी पैसे काढायला गुरुवारी निघायचं ठरवलेल्या माणसाला हा न्याय पटणं कठीण, हेही तितकंच खरं.

मध्यरात्रीनंतर : दुसरं घड्याळ

इथून तास संपतात आणि दिवस मोजायला सुरुवात होते. ठेव विमा कायद्यात नुकतीच दुरुस्ती झाली होती आणि ती 1 सप्टेंबर 2021 पासून लागू होती. तिच्यानुसार निर्बंध आल्यावर पहिल्या 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाकडे द्यायची आणि पुढच्या 45 दिवसांत महामंडळाने पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यायची. मलकापूरसाठी पहिली मुदत 8 जानेवारी 2022 ला भरत होती, दुसरी 22 फेब्रुवारीला. पूर्वी विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाल्यावर, अनेकदा वर्षांनी मिळत. पीएमसी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आल्यापासून तिच्या ठेवीदारांनी जे सोसलं, त्याची किंमत म्हणून हा 90 दिवसांचा नियम आला. विम्याची मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर गेली तीही फेब्रुवारी 2020 मध्ये, त्याच धक्क्यानंतर.

भारतातल्या ठेव विम्याची सुरुवात एका वऱ्हाडी आपत्तीशीही जोडलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1960 मध्ये केरळची पलई सेंट्रल बँक बुडाली, आणि त्याच साली अकोल्याची लक्ष्मी बँक. त्यातून 1962 मध्ये ठेव विमा सुरू झाला, मर्यादा 1,500 रुपये. सहकारी बँकांना तो लागू व्हायला कायदा 1968 मध्ये बदलावा लागला. अकोला आणि मलकापूर एकाच रेल्वेमार्गावर आहेत.

5 जुलै 2023, कामकाज संपल्यावर

मलकापूरच्या बँकेवरच्या निर्बंधांची मुदत वाढत गेली आणि शेवटी याच दिवशी तिचा परवाना रद्द झाला. रिझर्व्ह बँकेने दिलेलं कारण: पुरेसं भांडवल नाही, कमाईची शक्यता नाही. म्हणजे अडचण रोकडीची नव्हती. एका रात्रीची, चौदा दिवसांची, कुठलीच उसनवारी तिला तारणारी नव्हती, आणि सात लाख कोटींनी भरलेला बाजार तिच्याकडे फिरकला नाही याबद्दल बाजाराला दोष देता येत नाही. दोष द्यायचा तर कर्जं थकत गेली त्या वर्षांच्या कारभाराला आणि लेखापरीक्षणाला द्यावा लागेल.

रिझर्व्ह बँकेच्याच निवेदनानुसार 97.60 टक्के ठेवीदार विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र होते, आणि महामंडळाने तोवर सुमारे 497 कोटी रुपये चुकतेही केले होते. उरलेले 2.40 टक्के म्हणजे ज्यांच्या सगळ्या शाखांतल्या, सगळ्या खात्यांतल्या ठेवी व्याज धरून पाच लाखांच्या वर होत्या असे. पाच लाखांपुढच्या रकमेसाठी त्यांना अवसायकाकडे दावा करावा लागतो, आणि अवसायक थकीत कर्जांतून काय वसूल होईल त्यातून वाटप करतो, तेही विमा महामंडळाचे पैसे परत करता करता. तेव्हा एकाच बँकेत दोन शाखांत पैसे ठेवून आपण जोखीम वाटली असं समजू नका. हिशेब एकत्रच धरतात. पाच लाखांपुढचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा आणि आपल्या बँकेच्या वार्षिक अहवालात निव्वळ एनपीएचा, म्हणजे थकीत कर्जांचा, आकडा दरवर्षी पाहा.